मेसेजिंग अ‍ॅपमधल्या फटी: व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम आणि सिग्नल सुरक्षित करण्याची सविस्तर पद्धत

व्हॉट्सअ‍ॅपवर नवी चॅट उघडली की माथ्यावर एक पट्टी दिसते: मेसेज एंड-टू-एंड एनक्रिप्टेड आहेत. ते खरं आहे. एप्रिल 2016 पासून व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या चॅट्सना सिग्नल प्रोटोकॉलचं कुलूप आहे आणि वाटेत कुणी ते मेसेज पकडले तरी त्यातून काही वाचता येत नाही. पण मेसेजिंग अ‍ॅपमधून लोकांचे फोन, खाती आणि पैसे ज्या वाटांनी गेले त्या वाटा तपासल्या, तर या कुलपाला कुणी हात लावल्याचं फारसं दिसत नाही. चोर शिरले ते दोन्ही टोकांकडून. आलेला फोटो उलगडणारा सॉफ्टवेअरचा भाग, कॉल जोडणारा भाग, नोंदणीचा सहा आकडी ओटीपी, कधीतरी जोडून ठेवलेला ऑफिसचा संगणक, ड्राइव्हवर पडून राहिलेला बॅकअप.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे माझा एकच आग्रह आहे. अनोळखी माणसाने पाठवलेल्या गोष्टीसाठी तुमचा फोन तुम्हाला न विचारता जितकी कमी कामं करील तितकं बरं. सगळ्या पायऱ्या एका बैठकीत होतात. आधी स्वतःच्या फोनवर करा, मग आईवडिलांचा फोन घेऊन बसा. फसवणुकीचा जास्त मारा त्यांच्याच फोनवर होतो.

मी मेनूंची नावं इंग्रजी फोनवर दिसतात तशी देतो आहे, कारण बहुतेकांचे फोन तसेच असतात. अपडेटनंतर एखादा पर्याय इकडचा तिकडे सरकतो. सापडला नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत त्याचं नाव टाका.

आधी तीन खऱ्या घटना

मे 2019 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने एक तातडीचा अपडेट काढला. कॉल लागताना दोन फोन एकमेकांना माहितीची छोटी छोटी पाकिटं पाठवत असतात. ही पाकिटं तुम्ही कॉल उचलण्याच्या आधीच वाचली जातात, कारण रिंग वाजवायची तर फोनला तयारी करावीच लागते. ती वाचणाऱ्या भागात पाकिटाचा आकार नीट तपासला जात नव्हता. मुद्दाम बिघडवलेली पाकिटं आली की ठरलेल्या जागेबाहेर मजकूर सांडायचा आणि त्यातून हल्लेखोराचा कोड फोनमध्ये चालू करता यायचा. कॉल उचलण्याची गरजच नव्हती. मिस्ड कॉलची नोंदसुद्धा पुष्कळदा यादीतून गायब असे.

या त्रुटीचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-2019-3568. इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचं पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर याच वाटेने सुमारे 1400 फोनवर सोडलं गेलं, असं व्हॉट्सअ‍ॅपने ऑक्टोबर 2019 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात म्हटलं. त्यात भारतातले पत्रकार, वकील आणि मानवी हक्क कार्यकर्तेही होते. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने एनएसओला जबाबदार धरलं. निकालाला पाच वर्षं लागली. फट मात्र अपडेट टाकलेल्यांच्या फोनवर 2019 च्या मे महिन्यातच बुजली होती.

दुसरी घटना आयफोनची. सप्टेंबर 2021 मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने आयमेसेजमधला एक हल्ला उघड केला आणि त्याला फोर्स्डएंट्री असं नाव दिलं. आलेली फाइल नावाने जीआयएफ होती, आत मात्र पीडीएफ. नाव काहीही असो, आयफोन आतला मजकूर ओळखून ती फाइल स्वतःहून उलगडायला घेत असे. त्या पीडीएफमध्ये स्कॅन केलेली पानं साठवण्याची जेबीआयजी-2 ही जुनी पद्धत वापरलेली होती आणि ती उलगडणाऱ्या भागात त्रुटी होती. हल्लेखोरांनी त्या चित्र उलगडण्याच्या आज्ञांपासूनच 70,000 हून अधिक तुकड्यांचा एक छोटा संगणक रचला होता. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोच्या संशोधकांनी तो सुटा करून दाखवला, तेव्हा आजवर पाहिलेल्या तांत्रिकदृष्ट्या सर्वांत प्रगत हल्ल्यांत त्यांनी त्याची गणना केली. मालकाने काहीही दाबलेलं नसताना हे घडत होतं. अ‍ॅपलने आयओएस 14.8 मध्ये ती फट बुजवली.

तिसरी घटना आपल्या रोजच्या वापराच्या जवळची आहे. जुलै 2024 मध्ये ईसेट या कंपनीने अँड्रॉइडवरच्या टेलिग्राममधली एक त्रुटी उघड केली. त्यात एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइडचं अ‍ॅप बसवणारी फाइल, चॅटमध्ये 30 सेकंदांच्या व्हिडिओसारखी दिसायची. मीडिया आपोआप डाउनलोड होण्याचा पर्याय चालू असला तर ती चॅट उघडताच फोनमध्ये उतरायची. वाजवायला गेलं की टेलिग्राम सांगायचं, हा व्हिडिओ इथे चालत नाही, दुसऱ्या प्लेयरमध्ये उघडा. तिथे होय म्हटलं की अ‍ॅप बसवण्याची सूचना यायची. 10.14.4 आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत हा दोष होता. 10.14.5 मध्ये तो गेला.

पहिल्या दोन घटनांत मालकाचा बोटभरही सहभाग नव्हता. तिसरीत त्याच्याकडून दोन-तीन होकार हवे होते. बचावाची पद्धत यावरूनच ठरते: पहिल्या प्रकारावर अपडेट हा उपाय, दुसऱ्यावर सेटिंग आणि सवय.

पायरी 1: अपडेट, तेही अ‍ॅप आणि फोन दोन्हींचे

प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअर उघडा, व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नल यांची नावं एकेक करून शोधा आणि «अपडेट» असं बटण दिसतंय का ते बघा. ऑटो-अपडेट चालू असेल तरीही हे एकदा हाताने करा. अनेक फोनवर ऑटो-अपडेट फक्त वायफायवर चालतं. घरात वायफाय नाही आणि सगळं मोबाइल डेटावर चालतं अशा फोनवर महिनोन् महिने जुनी आवृत्ती तशीच राहते. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क प्रेफरन्सेस या भागात मोबाइल डेटावरही अपडेट होऊ द्या.

एवढ्यावर भागत नाही. फोर्स्डएंट्रीमधली चूक आयमेसेजपुरती नव्हती, ती फोनच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये होती. ऑगस्ट 2025 मध्ये पुन्हा तसंच झालं. आयफोन आणि मॅकच्या व्हॉट्सअ‍ॅपमधली जोडलेल्या उपकरणांच्या देवाणघेवाणीची एक त्रुटी आणि अ‍ॅपलच्या चित्रं उलगडणाऱ्या भागातली दुसरी त्रुटी, अशा दोन्ही एकत्र वापरून निवडक लोकांवर हल्ला झाला. त्यातली एक फट अ‍ॅप अपडेटने बुजते, दुसरी फोनच्या अपडेटने.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, मग अँड्रॉइड व्हर्जन उघडा. तिथे «सिक्युरिटी अपडेट» समोर एक तारीख असते. ही तारीख तीन-चार महिन्यांपूर्वीची असेल तर अपडेट शोधा. दोन वर्षांपूर्वीची असेल आणि कंपनी नवीन काही देतच नसेल, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार काढून टाका. नवा फोन घेणं प्रत्येकाला लगेच जमत नाही, हे मला कळतं. पण बँक आणि व्हॉट्सअ‍ॅप एकाच जुन्या फोनवर असणं हा खरा धोका आहे आणि त्यातलं एक हलवणं आजच शक्य आहे.

पायरी 2: लिंक्ड डिव्हायसेस

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण इथे सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी असण्याचीही गरज नसते. अ‍ॅपची अधिकृत सोयच चोराच्या कामी येते.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये वरचे तीन ठिपके दाबा, लिंक्ड डिव्हायसेस उघडा. आयफोनवर ते सेटिंग्जमध्ये आहे. तिथे तुमच्या खात्याला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचं नाव आणि त्याखाली ते शेवटचं कधी चालू होतं ती वेळ दिसते. «गूगल क्रोम (विंडोज)», «लास्ट अ‍ॅक्टिव्ह टुडे अ‍ॅट 2:47 एएम» असं काही दिसलं आणि त्या वेळी तुम्ही झोपेत होता, तर ते बहुधा दुसऱ्याचं आहे. नावावर बोट ठेवा, लॉग आउट करा. शंका असेल तर सगळीच उपकरणं काढून टाका. स्वतःचा लॅपटॉप पुन्हा जोडायला मिनिटभर लागतं.

जोडलेल्या उपकरणाला काय मिळतं? नवे येणारे मेसेज, पूर्वीचे बरेच मेसेज, फोटो आणि तुमच्या नावाने मेसेज पाठवण्याची मुभा. आणि हे सगळं एनक्रिप्शनला धक्का न लावता, कारण ते उपकरण व्हॉट्सअ‍ॅपच्या दृष्टीने तुमचंच एक टोक झालेलं असतं. मुख्य फोन 14 दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप सुटतात. पण आपण फोन रोज वापरतो, त्यामुळे चोराने जोडलेलं उपकरण आपल्याच वापराने टिकून राहतं.

डिसेंबर 2025 मध्ये घोस्टपेअरिंग नावाने जी फसवणूक उघड झाली आणि जिच्याबद्दल भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनेही इशारा दिला, ती नेमकी याच सोयीवर उभी आहे. ओळखीच्या माणसाकडून मेसेज येतो: तुझा फोटो सापडला, बघ. लिंक उघडली की फेसबुकसारखं दिसणारं पान येतं आणि फोटो बघण्यासाठी मोबाइल नंबर विचारतं. तुम्ही नंबर दिला की ते पान मागच्या मागे व्हॉट्सअ‍ॅपला सांगतं, या नंबरला एक उपकरण जोडायचं आहे. व्हॉट्सअ‍ॅप त्यासाठी एक कोड देतं, तो कोड पान तुम्हाला दाखवतं आणि «खात्रीसाठी हा कोड व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाका» असं म्हणतं. टाकला की काम झालं. पासवर्ड चोरलेला नाही, ओटीपी कुणी मागितलेला नाही, फोनवर नेहमीसारखंच सगळं चालू आहे. ज्याने तो मेसेज पाठवला त्याचं खातंही आधी असंच गेलेलं असतं.

सिग्नल वापरणाऱ्यांनी आपण यातून सुटलो असं समजू नये. फेब्रुवारी 2025 मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की रशियाशी जोडलेले हल्लेखोर गट युक्रेनमधल्या सैनिकांना आणि इतरांना ग्रुपच्या आमंत्रणाचा क्यूआर कोड म्हणून उपकरण जोडण्याचा क्यूआर कोड पाठवत होते. सिग्नलमध्येही सेटिंग्जमध्ये लिंक्ड डिव्हायसेस आहे. टेलिग्राममध्ये त्याला डिव्हायसेस म्हणतात आणि तिथे «टर्मिनेट ऑल अदर सेशन्स» हे लाल बटण असतं.

घरात एक नियम ठरवून टाका: व्हॉट्सअ‍ॅपच्या आत कुठेही कोड टाकणं किंवा क्यूआर स्कॅन करणं फक्त तेव्हाच, जेव्हा आपणच समोरच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप सुरू करतो आहोत. दुसऱ्या कुठल्याही कारणाने तो कॅमेरा उघडायचा नाही.

पायरी 3: टू-स्टेप पिन

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकडी पिन ठेवा आणि खाली ईमेल पत्ताही द्या, म्हणजे पिन विसरल्यास सोडवता येतो. जन्मतारीख, 123456 किंवा यूपीआयचाच पिन इथे ठेवू नका.

या पिनचं काम काय आणि काय नाही, ते नीट समजून घ्या. तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर नव्याने नोंदवायचा प्रयत्न झाला तर एसएमएसच्या ओटीपीबरोबर हा पिनही मागितला जातो. सिम स्वॅप करून, म्हणजे तुमच्या नंबरचं नवं सिम स्वतःकडे काढून, ओटीपी मिळवणारा चोर इथे अडतो. पण वरच्या पायरीतलं उपकरण जोडणं या पिनने थांबत नाही. दोन वेगळी दारं आहेत, दोन्ही वेगळी बंद करावी लागतात.

टेलिग्राममध्ये हेच प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात आहे आणि तिथे पिनऐवजी पासवर्ड असतो. टेलिग्रामवर तो जास्तच गरजेचा आहे, कारण साध्या चॅट्स टेलिग्रामच्या सर्व्हरवर राहतात. नव्या फोनवर कुणी शिरलं की त्याला सगळा जुना इतिहास एकदम दिसतो. तिथे फक्त सीक्रेट चॅटच एंड-टू-एंड एनक्रिप्टेड असते आणि ती आपण मुद्दाम सुरू करावी लागते. सिग्नलमध्ये अकाउंटखाली रजिस्ट्रेशन लॉक चालू करा.

ओटीपी चोरण्याचा आणखी एक प्रकार कॉल फॉरवर्डिंगचा. कुरिअरवाला किंवा मोबाइल कंपनीचा माणूस म्हणून फोन येतो आणि *401* किंवा *21* ने सुरू होणारा आकडा डायल करायला सांगितलं जातं. त्यातून तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळतात आणि व्हॉट्सअ‍ॅपचा कोड व्हॉइस कॉलने मागवता येतो. असल्या कोडने कॉल फॉरवर्ड करण्याची सोय दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून बंद करायला सांगितली होती. तरी खात्रीसाठी ##002# डायल करा. असलेलं सगळं फॉरवर्डिंग त्याने रद्द होतं.

पायरी 4: आपोआप उतरणारं सगळं बंद

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मीडिया ऑटो-डाउनलोड. मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग या तिन्हींमध्ये जाऊन फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट्स यांच्या खुणा काढा. टेलिग्राममध्येही डेटा अँड स्टोरेजमध्ये तसंच करा.

यामुळे थोडी गैरसोय होते, नातवंडांचे फोटो बघायला एक जादा टिचकी लागते. तरीही मी हे प्रत्येकाला करायला सांगतो. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जीआयएफ उलगडण्याची एक त्रुटी उघड झाली होती. मुद्दाम बिघडवलेली जीआयएफ फोनमध्ये आलेली असली आणि तुम्ही दुसऱ्याच कुणाला फोटो पाठवायला व्हॉट्सअ‍ॅपमधून गॅलरी उघडली, की तिचं छोटं चित्र तयार होताना मेमरीतला एकच तुकडा दोनदा मोकळा केला जायचा आणि त्यातून हल्लेखोराला वाट मिळायची. फाइल उतरलीच नसती तर गॅलरीत दिसलीच नसती. म्हणून त्याच बैठकीत चॅट्समध्ये जाऊन «मीडिया व्हिजिबिलिटी»ही बंद करा.

याच ओघात आणखी चार गोष्टी. प्रायव्हसी, ग्रुप्स: «माय कॉन्टॅक्ट्स», म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला ग्रुपमध्ये ओढू शकणार नाही. जानेवारी 2025 मध्ये पॅरागॉन या कंपनीच्या हेरगिरी सॉफ्टवेअरने सुमारे 90 जणांना लक्ष्य केल्याचं व्हॉट्सअ‍ॅपने सांगितलं, तेव्हा वाट हीच होती: आधी ग्रुपमध्ये घ्यायचं, मग पीडीएफ टाकायची. प्रायव्हसी, कॉल्स: «सायलेन्स अननोन कॉलर्स». प्रायव्हसी, अ‍ॅडव्हान्स्ड: आयपी पत्ता लपवणं आणि लिंक प्रिव्ह्यू बंद करणं. आणि प्रोफाइल फोटो, अबाउट हे दोन्ही «माय कॉन्टॅक्ट्स»वर आणा.

शेवटच्या सूचनेला ताजं कारण आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर आहे की नाही हे तपासण्याच्या सोयीला पुरेशी मर्यादा नव्हती. ताशी 10 कोटींहून अधिक नंबर तपासत त्यांनी जगभरातली सुमारे 350 कोटी खाती मोजली. निम्म्याहून अधिक खात्यांचा प्रोफाइल फोटो सगळ्यांना उघडा होता. कंपनीने नंतर मर्यादा घातली. पण फोटो उघडा ठेवायचा की नाही, हे आपल्या हातात आहे आणि तुमचा फोटो लावून तुमच्या बहिणीकडे पैसे मागणाऱ्याला तोच फोटो लागतो.

पायरी 5: एपीकेचं दार बंद

महाराष्ट्रात सध्या सर्वांत जास्त नुकसान करणारा प्रकार हाच आहे असं माझं मत आहे. «लग्नाला यायचं हं» असा मेसेज आणि खाली «वेडिंग कार्ड.एपीके». किंवा आरटीओचं चलान, पीएम किसानचा हप्ता, वीजबिल, बँकेची केवायसी. ऑगस्ट 2025 मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने अशीच लग्नपत्रिका उघडली आणि त्याच्या खात्यातून सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये गेल्याचं वर्तमानपत्रांत आलं होतं.

एपीके बसली की ती बहुधा एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती मिळाली की बँकेचे ओटीपी चोराकडे जातात आणि मग तीच फाइल तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या ग्रुपवर पडते. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर. पुढचा बळी ती उघडतो, कारण पाठवणारे तुम्ही असता.

दार बंद करायची जागा: फोनच्या सेटिंग्ज, अ‍ॅप्स, स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस, इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स. इथल्या यादीत व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, क्रोम आणि फाइल मॅनेजर या सगळ्यांसमोर «नॉट अलाउड» हवं. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट चालू आहे ना, तेही बघा. मग परमिशन मॅनेजरमध्ये एसएमएस उघडा आणि कोणकोणत्या अ‍ॅपना मेसेज वाचता येतात ते तपासा. टॉर्च किंवा वॉलपेपरचं अ‍ॅप तिथे दिसलं तर लगेच काढा.

आईवडिलांना समजावताना तांत्रिक शब्द बाजूला ठेवा. लग्नपत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते. ती उघडताना फोनने «इन्स्टॉल» असा शब्द दाखवला तर ती पत्रिका नाही, तिथेच मागे फिरायचं आणि पाठवणाऱ्याला साधा फोन करायचा. एवढंच एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

जीबी व्हॉट्सअ‍ॅपसारखी बदललेली अ‍ॅप्स याच गटात येतात. ती प्ले स्टोअरवर नसतात, एपीकेनेच बसवावी लागतात. कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीला ऑगस्ट 2021 मध्ये एफएमव्हॉट्सअ‍ॅपच्या एका आवृत्तीत ट्रायडा हा ट्रोजन, म्हणजे कामाच्या अ‍ॅपच्या आत लपवलेला घातक प्रोग्राम, सापडला होता. डिलीट झालेले मेसेज वाचायला मिळतात म्हणून तरुण मुलं ती हौसेने वापरतात. फोनवर असेल तर काढा आणि अधिकृत अ‍ॅप बसवा.

संगणकावर थोडी वेगळी काळजी

एप्रिल 2025 मध्ये विंडोजवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमधली सीव्हीई-2025-30401 ही त्रुटी जाहीर झाली. चॅटमध्ये फाइलचं चित्र कोणतं दाखवायचं, हे पाठवणाऱ्याने जोडलेल्या प्रकारावरून ठरत होतं. ती कशाने उघडायची, हे मात्र नावातल्या शेवटच्या अक्षरांवरून. म्हणजे दिसायला फोटो, उघडल्यावर प्रोग्राम. 2.2450.6 च्या आधीच्या आवृत्त्यांत हा दोष होता. दुकानात, सीएच्या ऑफिसात, झेरॉक्स सेंटरवर दिवसभर अनोळखी ग्राहकांच्या फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर घेतल्या जातात. त्यांनी फाइल थेट चॅटमधून उघडू नये. आधी एका फोल्डरमध्ये उतरवावी, विंडोजमध्ये «फाइल नेम एक्स्टेन्शन्स» दिसतील असं सेटिंग करावं आणि शेवटची अक्षरं बघूनच उघडावी. सार्वजनिक संगणकावर छपाईसाठी स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप जोडू नका. फाइल ईमेलने पाठवा.

पायरी 6: बॅकअप

व्हॉट्सअ‍ॅपचा गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवरचा बॅकअप वेगळ्याने सांगितल्याशिवाय एंड-टू-एंड एनक्रिप्टेड नसतो. ज्याच्या हाती ते खातं गेलं त्याच्या हाती बॅकअप पडू शकतो. ऑक्टोबर 2021 पासून सोय उपलब्ध आहे: चॅट्स, चॅट बॅकअप, एंड-टू-एंड एनक्रिप्टेड बॅकअप. पासवर्ड ठेवा आणि तो कागदावर लिहून कपाटात ठेवा. हा पासवर्ड हरवला तर व्हॉट्सअ‍ॅपही तो परत मिळवून देऊ शकत नाही, जुन्या चॅट्स गेल्याच समजा. त्याचबरोबर गूगल खात्यालाही टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा.

ज्यांचं काम जोखमीचं आहे त्यांच्यासाठी

पत्रकार, वकील, माहिती अधिकाराचे कार्यकर्ते, संघटनांचे लोक यांच्यावर पेगॅसससारखा महागडा हल्ला होऊ शकतो. आयफोनवर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये सर्वांत खाली लॉकडाउन मोड आहे, 2022 मध्ये आयओएस 16 बरोबर आला. त्यात मेसेजमधल्या बहुतेक प्रकारच्या फाइली अडवल्या जातात, लिंक प्रिव्ह्यू बंद होतात, अनोळखी फेसटाइम कॉल येत नाहीत. अँड्रॉइड 16 मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन हा तसाच पर्याय आहे. दोन्ही वापरताना काही वेबसाइट नीट चालत नाहीत. ज्यांना धोका खरा आहे त्यांनी तो त्रास सोसावा असं मी म्हणेन. फोन रोज एकदा बंद करून चालू करण्याची सवयही ठेवा. असली काही सॉफ्टवेअर मेमरीतच राहतात आणि फोन बंद झाला की जातात. हल्लेखोर पुन्हा प्रयत्न करू शकतो, पण प्रत्येक प्रयत्नात तो पकडला जाण्याची शक्यता वाढते.

व्हॉट्सअ‍ॅप, अ‍ॅपल किंवा गूगलकडून «सरकारपुरस्कृत हल्ल्याचं लक्ष्य झाला असाल» असा इशारा आला, तर फोन लगेच रिसेट करू नका. पुरावा त्यातच असतो. अ‍ॅक्सेस नाऊ या संस्थेची डिजिटल सिक्युरिटी हेल्पलाइन अशा लोकांना विनामूल्य मदत करते. तिच्याशी दुसऱ्या फोनवरून संपर्क करा.

घात झालाच असेल तर

खात्यातून अचानक बाहेर फेकले गेलात, म्हणजे नंबर दुसरीकडे नोंदवला गेला आहे. त्याच फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडा, नंबर टाका, एसएमएसने आलेला कोड टाका. त्या क्षणी चोर बाहेर पडतो. त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागू शकतं, पण त्या काळात तोही आत नसतो. आत गेल्यावर लगेच पायरी 2 आणि 3 करा. कोडच येत नसेल आणि सिमची रेंजही गेली असेल, तर सिम स्वॅप झाल्याचा संशय घ्या. घरातल्या दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला, मग मोबाइल कंपनीला कळवा.

एपीके बसली असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफायही बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवायला सांगा. 1930 या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन लावा. पैसे चोराच्या खात्यात पोचून पुढे काढले जाण्याआधी ते गोठवता येतात, म्हणून पहिल्या तासाला फार किंमत आहे. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर करा. आलेला मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर, फाइलचं नाव, बँकेचे एसएमएस या सगळ्यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक लिहून घ्या, तो विचारतात. हे झाल्यावरच फोन फॅक्टरी रिसेट करा. नुसतं ते अ‍ॅप काढून भागत नाही, कारण पुष्कळदा त्याचं चिन्हच लपवलेलं असतं आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी घेऊन ते काढू देत नाही.

शेवटी ग्रुपवर कळवा. साधं, स्पष्ट: माझा फोन हॅक झाला होता, माझ्याकडून आलेली फाइल उघडू नका, ज्यांनी उघडली त्यांनी मला फोन करा. लाजेपोटी लोक हे टाळतात आणि तेवढ्या वेळात आणखी दोघा-तिघांचे पैसे जातात. जे हा मेसेज वाचतील त्यांनी त्या चॅटमध्ये «सिक्युरिटी कोड चेंज्ड» अशी ओळ दिसते का तेही बघावं. अकाउंटमधल्या सिक्युरिटी नोटिफिकेशन्स चालू असतील तरच ती दिसते आणि समोरच्याचं खातं दुसऱ्या फोनवर नोंदवलं गेल्याची ती खूण असू शकते. त्यानंतर आलेल्या पैशाच्या मागणीला आधी आवाज ऐकून, फोनवर बोलूनच उत्तर द्या.